रस्त्यावरील उजेडाचा रंग

बंगळूरचा जुना किल्ला आणि कृष्णराजेंद्र बाजार यांच्या पश्चिमेस चामराजपेट नावाची वसाहत आहे. १८९२ साली ती आखली गेली आणि तेव्हाचे म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला मिळाले. शेजारच्या जुन्या पेठांतील वाकड्यातिकड्या बोळांच्या मानाने या वसाहतीचे रस्ते सरळ, रुंद आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे ठेवण्यात आले. पुढे १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची वास्तू येथेच उभी राहिली. आणि नेत्रोपचारासाठी साऱ्या दक्षिणेत नाव मिळविलेले मिंटो रुग्णालयही याच परिसरात आहे.

तिन्हीसांजेच्या सुमारास या सरळ रस्त्यांपैकी एखाद्याच्या टोकाशी उभे राहिले, तर एक मौजेचे दृश्य दिसते. समोरून येणाऱ्या वाहनांचे दिवे एका रंगाचे नसतात. एखाद्या जुन्या मालमोटारीचा दिवा गुळाच्या रंगाकडे झुकलेला असतो; तिच्या मागून येणाऱ्या मोटारीचा दिवा दुधासारखा पांढरा असतो; आणि त्या दोहोंच्या मधून वाट काढणाऱ्या एखाद्या तरुणाच्या दुचाकीचा दिवा वेल्डिंगच्या ठिणगीसारखा निळसर असतो. रस्ता एकच, रात्र एकच. पण तिला भेदण्यासाठी प्रत्येकाने निवडलेला उजेड निराळा.

या निवडीचा बाजार येथून फार दूर नाही. कृष्णराजेंद्र बाजार ओलांडून पूर्वेकडे गेले की जयचामराजेंद्र रस्ता लागतो. मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने तेथे ओळीने मांडलेली आहेत. हेडलाईटचा बल्ब मागितला की दुकानदार त्याचे व्होल्ट आणि वॅट सांगतो आणि वर आणखी एक आकडा सांगतो: तीन हजार, त्रेचाळीसशे, सहा हजार, आठ हजार. हे आकडे केल्विनचे. पुष्कळ गिऱ्हाइकांची अशी समजूत असते की, आकडा जितका मोठा तितका उजेड अधिक आणि रस्ता तितका स्पष्ट. ही समजूत चुकीची आहे, आणि ती महागात पडणारी आहे. कारण तिची किंमत बल्ब विकत घेणाऱ्यापेक्षा समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला अधिक मोजावी लागते. हा आकडा मुळात कशाचा, तो रस्त्यावर कसा आला आणि माणसाच्या डोळ्याशी त्याचे नाते काय, याचा इतिहास म्हणूनच जाणून घेण्याजोगा आहे.

लोहाराच्या भट्टीपासून आरंभ केला तर ही गोष्ट सहज उलगडते. भात्याने वारा घातला की लोखंडाची कांब आधी अंधुक तांबडी होते, मग नारिंगी, मग पिवळी आणि शेवटी पांढरीफेक. लोहार रंगावरूनच उष्णता ओळखतो आणि घाव केव्हा घालायचा ते ठरवितो. इंग्लंडमधील प्रसिद्ध कुंभार घराण्यातल्या टॉमस वेजवुड याने १७९२ साली असे नोंदविले की, निरनिराळे पदार्थ तापून लाल होऊ लागतात ते एकाच उष्णतेला. पदार्थ कोणताही असो, तापल्यावर त्याने धारण केलेला रंग त्याच्या तापमानाची साक्ष देतो, हे सूत्र यातूनच पुढे आले. १८४८ साली विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी निरपेक्ष शून्यापासून सुरू होणारी तापमानाची मोजपट्टी मांडली. १९०० साली बर्लिनमध्ये मॅक्स प्लांक यांनी तापलेल्या काळ्या वस्तूच्या प्रकाशाचे गणित सोडविले आणि आधुनिक भौतिकशास्त्राचे दार उघडले. ज्या मोजमापांवर त्यांचे गणित उभे होते, ती बर्लिनच्या शासकीय प्रयोगशाळेत झाली होती. आणि त्या प्रयोगशाळेला या विषयात रस असण्याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. दिव्याच्या उजेडासाठी भरवशाचे प्रमाण तिला हवे होते. विश्वाच्या मूलतत्त्वाचा हा शोध अशा रीतीने दिवाबत्तीच्या प्रश्नाच्या हाताला धरून आला.

तेव्हा दुकानदाराने सांगितलेला आकडा उजेडाचे मोजमाप नव्हे. ते रंगाचे नाव आहे. तीन हजार केल्विन म्हणजे तीन हजार अंशांपर्यंत तापलेली काळी वस्तू ज्या रंगाने उजळेल तो रंग. येथे भाषेचा एक घोटाळा होतो. पिवळसर उजेडाला आपण उबदार म्हणतो आणि निळसर उजेडाला थंड. मोजपट्टीवर मात्र उबदार म्हटलेल्या उजेडाचे तापमान कमी आणि थंड म्हटलेल्याचे अधिक. मेणबत्तीची ज्योत सुमारे १९०० केल्विनची, माध्यान्हीचा सूर्यप्रकाश सुमारे ५५०० चा, तर ढगाळ दिवसाचा उजेड सुमारे ६५०० चा मानतात. उजेड किती, हे सांगणारे परिमाण निराळे आहे. त्याला ल्युमेन म्हणतात, आणि तो आकडा विचारणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते.

बंगळूरने या मोजपट्टीवरील जवळजवळ प्रत्येक पायरी पाहिली आहे. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने हे शहर केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जिजाबाई आणि बालशिवाजी यांचाही काही काळ येथे वास्तव्य झाल्याचे इतिहास सांगतो. भावसार, शिंपी अशी मराठी बोलणारी घराणी आजही या शहराच्या जुन्या पेठांत नांदतात. त्या काळी रात्री वाट चालायची तर पुढे दिवट्या आणि मशाली धरणारी माणसे असत. तेलात भिजविलेल्या पलित्याचा उजेड मोजपट्टीवर दोन हजारांच्याही खाली येतो. रंग निवडण्याचा प्रश्न नव्हता; जाळ होता आणि त्याचा जो रंग तोच उजेडाचा रंग. पुढे रॉकेलचे कंदील आले, संध्याकाळी शिडी घेऊन फिरणारे दिवाबत्तीवाले आले. तरी रंगाच्या दृष्टीने फार मोठा फरक पडला नाही.

फरक पडला तो कावेरीच्या पाण्याने. शिवनसमुद्र येथील धबधब्यावर वीजगृह उभारण्याची योजना दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत आकाराला आली. १९०२ साली तेथील वीज सुमारे ९२ मैलांवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली. त्या काळी एवढ्या अंतरावर वीज नेणे ही जगानेही नोंद घ्यावी अशी गोष्ट होती. ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले, आणि रस्त्यांवर विजेचे दिवे लावणाऱ्या देशातील अगदी पहिल्या शहरांत त्याची गणना झाली. आज जेथे कृष्णराजेंद्र बाजार आहे त्याच भागात तो पहिला उजेड पडला, असे सांगतात. चामराजपेट तेव्हा अवघ्या तेरा वर्षांची होती.

त्या दिव्यांचे रूप आजच्या डोळ्यांना फार सौम्य वाटले असते. कोळशाच्या बारीक तंतूचा तो बल्ब सुमारे २१०० केल्विनच्या पलीकडे जात नसे. अधिक तापविला तर तंतू झिजून काच काळी पडे. म्हणजे विजेचा पहिला उजेडही समईच्या रंगाचा शेजारीच होता. पुढे टंगस्टनचा तंतू आला. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यांनी या ठिसूळ धातूची तार ओढण्याची युक्ती साधली, आणि १९१३ साली अर्व्हिंग लँगम्युर यांनी काचेत निष्क्रिय वायू भरून तंतूचे आयुष्य वाढविले. उजेड २७००-२८०० केल्विनपर्यंत चढला. दिवा अधिक पांढरा होणे आणि तो अधिक प्रखर होणे, या दोन्ही गोष्टी या काळात बरोबरीने घडत होत्या, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. तंतू जितका तापेल तितका उजेड अधिक आणि तितकाच तो पांढरा. दोन पिढ्यांच्या मनात जी समजूत रुजली तिचे मूळ येथे आहे. तंतूच्या दिव्यापुरती ती खरीही होती.

मोटारीच्या दिव्याचा इतिहास याच्या जोडीने चालला. आरंभीच्या मोटारींना घोडागाडीचेच तेलाचे कंदील लावीत. त्यांच्यामुळे चालकाला रस्ता दिसण्यापेक्षा रस्त्याला मोटार दिसे, एवढाच त्यांचा उपयोग. त्यानंतर कार्बाईडचे दिवे आले. एका डब्यात कॅल्शियम कार्बाईडचे खडे आणि वर पाण्याचे भांडे. थेंब थेंब पाणी पडले की अॅसिटिलीन वायू सुटे आणि त्याची शुभ्र ज्योत आरशासमोर जळे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आणले, आणि थोड्याच वर्षांत कार्बाईडचा वास रस्त्यावरून नाहीसा झाला. वेग वाढला तसा एक नवा प्रश्नही उभा राहिला: लांबवर पाहणारा दिवा समोरच्याला आंधळा करतो. म्हणून एकाच बल्बात दोन तंतू बसविण्याची तोड निघाली. एक दूरचा, एक खाली वाकलेला. आपल्याकडे चालकाच्या तोंडी असलेला 'डिपर' हा शब्द त्या दुसऱ्या तंतूचा वारसा आहे. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून डिपरचा झोत उजवीकडे खाली कापलेला आणि डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला, किंचित वर गेलेला असतो. समोरच्याचे डोळे वाचावेत आणि कडेने चालणारा पादचारी दिसावा, हा दुहेरी हेतू त्या एका रेषेत सामावलेला आहे.

भारतात मोटार बनविण्याच्या प्रयत्नांतही बंगळूर आणि महाराष्ट्र यांचे धागे गुंतलेले आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात दीर्घकाळ नोकरी केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुढे १९१२ ते १९१८ पर्यंत म्हैसूरचे दिवाण होते. देशी मोटार कारखान्याचा ध्यास त्यांनी निवृत्तीनंतर घेतला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीही तोच ध्यास घेतला. त्यांच्या उद्योगातून १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना उभा राहिला आणि १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. त्या पिढीतील मोटारींचे गोल दिवे टंगस्टनच्या पिवळसर उजेडाचे होते, आणि ज्यांनी त्या उजेडात खंडाळ्याचा घाट रात्री उतरला आहे, त्यांना रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड किती उशिरा नजरेत येत हे आठवत असेल.

१९६२ साली युरोपात हॅलोजन बल्ब मोटारीत आला. टंगस्टनची वाफ काचेवर न बसता पुन्हा तंतूवर परतावी, अशी योजना त्यात आयोडीनसारख्या द्रव्याने साधली. १९७१ साली त्याचे दोन तंतूंचे रूप आले. आपल्याकडील कोट्यवधी वाहनांत बसलेला एच-४ बल्ब तो हाच. त्याचा रंग ३००० ते ३२०० केल्विनच्या आसपास असतो. १९९१ साली बीएमडब्ल्यू मोटारीत झेनॉन वायूचा दिवा अवतरला. त्यात तंतूच नव्हता. विजेच्या ठिणगीची कमान होती. त्याचा रंग ४३०० केल्विनच्या जवळचा. ३५ वॅटच्या अशा दिव्यातून सुमारे ३२०० ल्युमेन उजेड निघे. ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब सुमारे १५०० ल्युमेन देई. लोकांनी पाहिले की महाग मोटारीचा दिवा निळसर दिसतो आणि त्याचा रस्ताही उजळ दिसतो. त्यांनी या दोहोंची सांगड घातली आणि निळेपणालाच उजेड मानले.

खरा प्रकार याच्या उलट आहे. झेनॉनच्या दिव्यात ४३०० हा रंग सर्वाधिक उजेड देणारा ठरला, म्हणून तो कारखान्यांनी स्वीकारला. त्याच दिव्यातील क्षारांचे प्रमाण बदलून सहा हजार किंवा आठ हजार केल्विनचे जे बल्ब पुढे बाजारात आले, त्यांचा उजेड त्या क्रमाने घटत गेला. हॅलोजनची गोष्ट तर आणखी सरळ आहे. तापलेला टंगस्टन ३६०० केल्विनच्या पुढे वितळतो; म्हणजे तंतूच्या बल्बाला पाच-सहा हजारांचा रंग स्वभावतःच शक्य नाही. वेष्टनावर तसा आकडा असेल, तर काचेवर निळा लेप दिला आहे एवढाच त्याचा अर्थ. लेप उजेड निर्माण करीत नाही. पिवळा आणि तांबडा भाग तो अडवून धरतो. गिऱ्हाईक अधिक पैसे देऊन कमी उजेड घरी नेते, आणि तो पांढरा दिसतो म्हणून समाधान मानते.

एलईडीने हा हिशेब पुन्हा बदलला. निळ्या उजेडाचा प्रखर डायोड १९९३ साली शुजी नाकामुरा यांनी जपानात सिद्ध केला. या शोधासाठी इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या डायोडवर पिवळ्या भुकटीचा थर. थर जाड असेल तर उजेड उबदार, पातळ असेल तर निळसर. २००७ साली मोटारीच्या डिपरमध्ये एलईडी आले, आणि आज नव्या मोटारींत पाच ते सहा हजार केल्विनचे दिवे सर्रास असतात. येथे निळसर दिव्यातही उजेड भरपूर असतो. मग प्रश्न उरतो तो डोळ्याचा.

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. दिवसा काम करतात त्या शंकूच्या आकाराच्या. त्यांना रंग कळतात आणि हिरवट पिवळ्या उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. अंधारात जाग्या होतात त्या दंडाच्या आकाराच्या. त्यांना रंग कळत नाहीत, पण निळसर हिरव्या उजेडाला त्या अधिक तत्पर असतात. तिन्हीसांजेला अंगणातली लाल जास्वंद काळी पडते आणि तिची पाने मात्र करड्या उजेडात तरंगताना दिसतात, हा अनुभव कोणालाही नवा नाही. बोहेमियातील यान पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८२५ साली या घटनेची नोंद केली, आणि तिला त्याचेच नाव मिळाले. बंगळूरमध्येही या विषयाचा अभ्यास झाला आहे. १९३३ साली भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून या शहरात आलेले चंद्रशेखर व्यंकट रमण यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात रंगदृष्टीचा अभ्यास केला आणि १९६८ साली दृष्टीच्या शरीरशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

निळसर दिव्याचे समर्थक या दंडपेशींचाच दाखला देतात. त्यांचे म्हणणे निराधार नाही. रस्त्याच्या कडेला, झोताच्या सीमेवर, नजरेच्या कोपऱ्यात काही हालले तर पांढऱ्या उजेडात ते थोडे लवकर ध्यानात येते. टंगस्टनच्या पिवळ्या उजेडापेक्षा चार-पाच हजारांचा पांढरा उजेड चालकाला मानवतो, तो एवढ्याचसाठी. परंतु चालकाची नजर झोतात उजळलेल्या रस्त्यावर खिळलेली असते, आणि तेथे शंकूपेशींचे राज्य असते. निळेपणा वाढवून तेथे लाभ होत नाही. शिवाय त्याच उजेडाची दुसरी बाजू समोरून येणाऱ्या डोळ्यांत जाते. सारख्याच प्रखरतेचे दोन दिवे समोर आले, तर त्यांपैकी निळसर दिवा डोळ्यांना अधिक बोचतो, असे प्रयोगांत पुन्हा पुन्हा आढळले आहे.

या बोचण्याचा अर्थ आकड्यांत पाहावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर जाते. दिपलेली नजर सावरायला तीन सेकंद लागले, तरी तेवढ्यात ती ६६ मीटर अंतर जवळजवळ आंधळेपणाने कापते. मिंटो रुग्णालयाच्या आवारात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी वाट पाहत बसलेल्या वृद्धांपैकी कोणालाही विचारावे. रात्रीच्या दिव्याभोवती फुटणाऱ्या किरणांचे वर्णन तो सहज करील. वय वाढते तसे डोळ्याचे भिंग गढूळ होते, आत आलेला उजेड त्यात विखुरतो आणि साऱ्या दृश्यावर एक धुकट पडदा पसरतो. १८९६ साली लहान प्रमाणावर सुरू झालेले आणि १९१३ साली आपल्या भव्य वास्तूत आलेले हे रुग्णालय ज्या रस्त्यावर उभे आहे, त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक दिव्यासमोर असे दुबळे डोळेही असतात.

पिवळ्या दिव्याचाही एक पक्ष आहे, आणि त्याचा इतिहास फ्रान्सशी जोडलेला आहे. त्या देशाने १९३६ च्या कायद्याने मोटारींच्या पुढच्या दिव्यांना निवडक पिवळा रंग सक्तीचा केला, आणि युरोपच्या समान नियमांपुढे १९९३ साली ती सक्ती सोडून दिली. उजेडातला निळा आणि जांभळा भाग गाळला की डोळ्यांना तो कमी बोचतो, एवढे त्यात तथ्य होते. काही उजेड काचेत वाया जातो, हा त्याचा तोटा. मात्र पिवळा दिवा धुके भेदून जातो ही जी समजूत आपल्याकडील घाटांत दृढ आहे, तिला भौतिकशास्त्राचा आधार मिळत नाही. आकाश निळे दिसते कारण हवेतील सूक्ष्म कण निळा उजेड अधिक विखुरतात. हा नियम धुक्याला लावला जातो. पण धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगापेक्षा अनेक पटींनी मोठे असतात, आणि ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. धुके म्हणूनच पांढरे दिसते. फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो त्याच्या बैठकीमुळे. तो खाली बसविलेला असतो, त्याचा झोत रुंद आणि वरून कापलेला असतो, आणि चालकाच्या डोळ्यांसमोरचे धुके तो उजळवीत नाही.

पावसातही गोष्ट अशीच. ओल्या डांबरी रस्त्यावर पडलेला उजेड आरशावरून निसटावा तसा पुढे निसटतो. चालकाकडे फारच थोडा परत येतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत बराच जातो. अशा रात्री निळसर दिव्याचा चालक तक्रार करतो की दिवा लागला आहे की नाही तेच कळत नाही, आणि तो आणखी मोठ्या आकड्याचा बल्ब शोधू लागतो.

रंगापेक्षाही झोताचा आकार महत्त्वाचा आहे. हॅलोजनसाठी घडविलेल्या आरशाच्या केंद्रस्थानी तंतूची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेली असते. त्या होल्डरमध्ये एलईडीचा बल्ब खोचला की उजेडाचे उगमस्थान बदलते, डिपरची कापलेली रेषा विस्कटते आणि उजेड झाडांच्या शेंड्यांवर व समोरच्याच्या काचेवर सांडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ साली झाले. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्था वाहनांच्या दिव्यांची तपासणी करतात. कारखान्यातून निघालेला दिवा अशा रीतीने पारखलेला असतो. त्याचे अर्धे अंग बदलून टाकणारा तिऱ्हाईत बल्ब मात्र त्या पारखीच्या बाहेर राहतो.

मग निवड कोणती करावी? या साऱ्या इतिहासातून निघणारे उत्तर साधे आहे. तंतूचा बल्ब असेल तर त्याचा नैसर्गिक ३००० ते ३२०० केल्विनचा रंग राहू द्यावा आणि निळ्या लेपाचा मोह टाळावा. वाहन मुळात झेनॉन किंवा एलईडीचे असेल तर ४००० ते ५००० च्या मधला पांढरा उजेड चालकाला पुरेसा आणि समोरच्याला सुसह्य ठरतो. सहा हजारांच्या पुढे जाण्यात लाभ नाही. नवा बल्ब घेण्याआधी काच पुसावी, पिवळी पडलेली झाकणी घासून घ्यावी, वायरिंगमध्ये वीज पुरी पोहोचते की नाही ते पाहावे आणि मेकॅनिककडून झोत नीट लावून घ्यावा. अंधुक दिव्याच्या पुष्कळ तक्रारी एवढ्याने मिटतात.

निसर्गाने या प्रश्नाचा एक दाखला आपल्यासमोर केव्हापासूनच ठेवला आहे. पौर्णिमेचे चांदणे निळसर असते अशी आपली समजूत आहे. चित्रकार ते तसेच रंगवितात. मोजून पाहिले तर चंद्राचा उजेड सुमारे ४१०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हापेक्षा पिवळा भरतो. त्याचे निळेपण आपल्या दंडपेशींनी निर्माण केलेले असते. हजारो वर्षे माणसाने ज्या उजेडात शेताच्या बांधावरून वाट काढली, त्याचा रंग आणि आज विचारपूर्वक निवडलेल्या मोटारीच्या दिव्याचा रंग, हे जवळजवळ एका ठिकाणी येऊन मिळतात.

१९०५ साली बंगळूरच्या रस्त्यावर जो दिवा लागला तो सर्वांचा होता. तो डोक्यावर उंच होता, कोणाच्या डोळ्यांत जात नव्हता, आणि त्याचा रंग कोणा एकाच्या आवडीने ठरलेला नव्हता. त्यानंतर प्रत्येक वाहनाने आपला उजेड आपल्याबरोबर नेण्यास सुरुवात केली, आणि तो माणसाच्या नजरेच्या उंचीवर आला. चामराजपेटच्या शेजारच्या कलासीपाळ्यातून रात्री निघालेली मालमोटार महामार्गाने हुबळी, बेळगाव, कोल्हापूर ओलांडून पहाटे खंबाटकीच्या घाटात पोहोचेपर्यंत हजारो डोळ्यांसमोरून जाते. त्या डोळ्यांत शाळेच्या सहलीची बस हाकणारा चालक असतो, ऊस वाहणारा गाडीवान असतो, कडेने चालणारा वारकरीही असतो. दुकानातील गिऱ्हाईक आपल्या खिशातून पैसे देऊन जो रंग निवडते, तो त्या सर्वांसाठी निवडलेला असतो. बल्बाचा आकडा विचारताना एवढे ध्यानात राहिले, तर रात्रीच्या रस्त्यावर आपल्याला दिसेल आणि समोरच्यालाही दिसत राहील.